अकरा इंच

नियमात लिहिलंय, एक फुटाहून उंच
ते सगळं झाडोरा.
म्हणून मला दिली पिवळी टेप, पावतीपुस्तक,
आणि बनवारी, जो गवतापेक्षा मोबाइल जास्त बघतो.

लोकमान्यनगर, प्लॉट चौतीस. मालक टोरांटोला.
गाजरगवत कमरेइतकं, लांबून वाटावं
कुणी साबुदाणा सांडलाय.
मी शिंकलो. सात वेळा.
ते नोंदवायची सोय नाही.

शेजारच्या जाळीतून धारकरकाकू:
"ह्यांचे हात बघा आधी."
काका दारात आले, हात पुढे केले,
कोपरापर्यंत चिरलेले, काळपट,
उन्हात विसरलेल्या चपलेसारखे.
"फुलं यायच्या आधी उपटायचं असतं, सोहनी.
तुमची नोटीस दरवर्षी फुलांनंतर येते."
मी मान हलवली. मान हलवणं नियमात बसतं.

दुसऱ्या दिवशी झाबुआकडच्या दोघी, रमतू आणि कल्ली,
हातांना दुधाच्या पिशव्या बांधून;
झोनचे मोजे संपले होते.
दुपारपर्यंत अर्धा प्लॉट बोडका.
तेव्हा काकू धावत, पदर खोचून:
"थांबा गं! तेवढा कोपरा नाही!"

कोपऱ्यात आघाडा. माका. काट्यांसकट डोरली.
धोतऱ्याचं एक पांढरं फूल, आपल्यातच.
"गणपतीला आठ दिवस राहिलेत.
शहर इतकं स्वच्छ केलंत तुम्ही
की पत्री विकत आणावी लागते राजवाड्यावरून,
वीस रुपये जुडी,
आणि आघाडा म्हणून देतात भलतंच."

फॉर्मला रकाने दोनच:
काढले. नाही काढले.

रमतू उकिडवी बसली, आघाड्याचं पान चुरलं, हुंगलं.
"बिच्छू काटे तो हम यही घिसते हैं, साब."
आणि विळा मागे, कमरेला खोवला.
बनवारीनंसुद्धा मोबाइल खाली केला.

टेप सोडली मी.
आघाडा वाऱ्यानं कलला होता जरा.
कललेलं कसं मोजायचं
हे परिपत्रकात कुठेच नाही.
मी कललेलं मोजलं.
अकरा इंच, बनवारी, लिही.

रात्री पँटच्या काठाला चिकटलेलं बी
बायको एकेक काढत बसली, वर्तमानपत्रावर.
"कुंडीत टाकू का?" म्हणाली.
मी जेवत होतो.
नाही म्हणालो नाही.