मागची सीट

कामावर जायला किती वेळ लागतो?
पन्नास मिनिटं लिहिलं,
मग खोडून चाळीस.

अकरा वर्षं नाकाडे चालवायचा, मी मागे.
अजनी ते बुटीबोरी
त्याची मानच पाहिली फक्त,
तिच्यावरचा तीळ,
कॉलरपाशी पांढरे होत गेलेले केस.
पोरीचं लग्न, पीएफ, मूळव्याध
सारं हेल्मेटातून सांगायचा.
अर्धं वर्धा रोडचा वारा न्यायचा,
उरलेल्याला मी "हाव ना बाप्पा" म्हणायचो.

मे महिन्यात सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात.
तिच्या सावलीत नव्वद सेकंद
गाडी बंद, वारा बंद.
एकदा मान न वळवता म्हणाला,
"वासनिक, आयकू येऊन राहिलं ना बे?"
मी म्हटलं, येते.

मार्चात तो रिटायर झाला.
आता खापरीपर्यंत मेट्रो, पुढं कंपनीची बस.
डबा गार. कोणाच्या कानात काही, कोणाच्या काही.
खिडकीतून खाली तोच रस्ता,
तीच जाळी, वरून पाहिलेली,
तिच्यावर कोणाची तरी चप्पल.

काल डब्यातूनच त्याला फोन लावला.
हळूच विचारलं, कसा आहेस?
पलीकडून ओरडला,
"अबे, जोरात बोल."