खापर

आखाजीला आठ दिवस होते आणि मामा दारात आला.
मुराळी म्हणून नाही, ते बंद होऊन अकरा वर्षं झाली.
फटफटी बंद न करताच म्हणाला,
"लोकेशचं लग्न आखाजीचंच धरलंय, ताई.
दीडशे मांडे लागतील.
तुझ्यासारखे अख्ख्या अमळनेरात कुणाला येत नाहीत."

याच फटफटीवर मागे बसून
आई एकदा कचेरीत गेली होती.
रेल्वे लायनीकडचा नानांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट,
गिरणी बंद पडताना हातात आलेल्या पैशांचा.
"वारस लावायचेत, फक्त सही लागते," म्हणाला मामा.
कागदावर लिहिलं होतं हक्कसोड.
आईला वाचता येतं.
तिनं वाचलं नाही.
"सख्ख्या भावासमोर चष्मा लावू का?"
एवढंच म्हणाली नंतर, आणि तेही एकदाच.

त्याच साली अण्णा गेले.
बोरीच्या काठाला भाड्याची खोली,
वैशाखात पत्रा असा तापायचा
की खाटेवर घातलेले उडदाचे पापड
दुपारच्या आत वाजू लागायचे.
लोक म्हणाले, कोर्टात जा, चार माणसं जमव,
त्याच्या माथी फोड सगळं खापर.
आईनं खापर विकत आणलं, पारोळ्याच्या कुंभाराकडून.
चुलीवर उपडं ठेवलं.
दुसऱ्यांच्या लग्नांवर माझ्या फिया भरल्या.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.
"जायचंच तर पुरणात मूठभर मीठ टाक."
ती जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पीठ गाळत होती.
भुवया पांढऱ्या झालेल्या.
"पीठले राग कयस, बेटा.
मांडा फाटी जास."

मांडवामागे तीन दगडांची चूल, पऱ्हाट्यांचा जाळ.
गोळा तिच्या मुठींवर फिरायचा,
मनगटांवरून कोपरांपर्यंत उतरायचा,
इतका पातळ की त्यातून चुलीचा लाल दिसावा,
आणि मग अलगद खापरावर,
निजलेल्या लेकरावर गोधडी घालावी तसा.
मी मोजत होते.
एकशे अकरा झाले तेव्हा
कनातीपलीकडून मामीचा आवाज आला,
प्लॉटवरच्या तीन गाळ्यांचं भाडं
ती कुणा पाहुणीला सांगत होती.
एकशे बारावा फाटला.

आई थांबली.
हात पाण्यात बुडवून तशीच बसली,
जाळ मंद होईपर्यंत.
काय गिळलं तिनं, मला माहीत नाही.
फाटका मांडा आमच्या डब्यात ठेवला,
दोन पऱ्हाट्या आत सारल्या
आणि एकशे बारावा पुन्हा केला.

पहाटे मामानं पाकीट दिलं. तिनं मोजलं.
पाचशे जास्त निघाले, ते परत दिले.
मग पदराची गाठ सोडून एकशेएक रुपये काढले.
"ही मजुरी झाली, तोताराम.
हा लोकेशचा आहेर. यात मिसळू नको."
मामाचे ओठ हलले.
तेवढ्यात बँडवाल्यांचा टेम्पो आला
आणि तो तिकडे गेला.

घरी येताना वाटेत मी चिडून बोलत राहिले.
ती डबा सांभाळत चालली होती.
आंघोळ करून तिनं नवी घागर भरली,
वर खरबूज ठेवलं, आंब्याची फोड, कुंकवाचं बोट.
लेकाचं काम, लेक करत होती.
डब्यातला फाटका मांडा
फाटलेली बाजू खाली दुमडून
नानांच्या पानात वाढला.

"नाना," ती घागरीला म्हणाली,
"पाणी घ्या. तोतारामचं आणि माझं."

खोटं न बोलणारी माझी आई
वर्षातून एकदा एवढं खोटं बोलते.
यंदा ती नाही. घागर मी भरली.
तिचं नाव घेतलं, नानांचं घेतलं,
मामाच्या नावापाशी
ओंजळ थांबली बराच वेळ.
पाणी बोटांतून गळत होतं.
खापर तिकडे कोपऱ्यात, उपडं,
अजून कुठे तडा नाही.