तुटक रेघ

वाळपईच्या कचेरीत एकोणतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या जमिनींच्या रेघा ओढल्या.
सलग रेघ म्हणजे हद्द,
दुहेरी म्हणजे रस्ता,
आणि तुटक रेघ म्हणजे पायवाट,
जिच्याबद्दल साहेब म्हणत,
"असली तर असली."

निवृत्त झालो तेव्हा पुतण्याने त्याची जुनी सायकल दिली.
जाड दातऱ्या टायरांची, पुढे शॉकअप,
गिअर एकवीस, त्यातले चौदा लागतात.
इनासने रॉकेलमध्ये चेन धुतली
आणि मान वर न करता विचारलं,
"ह्या पिरायेर खंय भोंवतले?"
खिशात नकाशाची घडी होती.
मी म्हटलं, बघतो.

पहिले तीन रविवार नुसता चुकलो.
कोपर्ड्याच्या वर दम लागेस्तोवर ढकलत नेलं
की चढ संपतो आणि सडा एकदम आडवा होतो,
जांभ्याचा, उघडा, वाऱ्याला कुठेच अडवत नाही.
नोव्हेंबरात करड मांडीपर्यंत, निम्मं पिवळं,
मधेच काळा कातळ, त्यावर शेवाळाचे सुकले पोपडे.
कातळावर टायर गुरगुरतो, गवतात गप्प होतो.
दर शंभर हातांवर एक वाट असल्यासारखी वाटते
आणि पुढच्या शंभरात नसते.
टिटवी डोक्यावरून ओरडत गेली,
जणू तिच्या सर्व्हे नंबरात मी घुसलो होतो.

भागी झोरे म्हशी घेऊन खाली उतरत होती.
नकाशा तिच्यासमोर धरला, तिने तो उलटा करून पाहिला
आणि परत दिला.
"हे कागदाचं ऱ्हाऊ दे. म्हस चढ कापत नाय,
चढाला वळसा घालती. तिच्या मागनं जा.
आणि सांजचं ये. दुपारी वाट दिसत नाय."

सांजचं गेलो.
ऊन कललं आणि गवतात एक खोलगट उमटली,
हातभर रुंद, सावलीने भरलेली,
उशीवर कुणी झोपून उठल्यासारखी.
आयुष्यभर मी लोकांची वाट पाहिली,
वाट अशी कधी पाहिली नव्हती.

मग उतार.
ब्रेकवर दोन बोटं, बूड सीटच्या मागे,
नजर चाकाकडे नाही, चाक जिथे जाणार तिथे.
सुट्या चिऱ्यांचे खडे, काजूची मुळं,
एक कोरडा व्हाळ, ज्यात मी पडलो
आणि कुणी पाहिलं नाही हे आधी पाहिलं.

पाचव्या रविवारी वाट संपली.
चिरेखाण. सुरीने केक कापावा तसा सडा चौकोनी कापलेला,
तळाशी हिरवं पाणी, त्यात एक बूट.
नकाशावर तुटक रेघ या पोकळीवरून सरळ जाते.
हे कुणी, कधी, कोणाच्या सहीने?
फाइल कुठल्या कपाटात असेल ते मला माहीत आहे.
कदाचित सहीसुद्धा ओळखू येईल.
कडेकडेने, करवंदीतून,
पोटऱ्या ओरबाडून घेत मी वळसा घातला.
पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
करड हळूहळू एका बाजूला लवू लागलं.

काल तिथे शेण होतं.
ताजं, माझ्या टायरच्या नक्षीवर,
आणि पुढे खुरांचे ठसे, ओळीने,
खाणीला वळसा घालून, अगदी माझ्या वळणावर वळलेले.
पायाखाली घेण्याआधी
म्हशींनी ते तपासलं असेल का, कोण जाणे.

घरी येऊन नकाशा पसरला, पेन्सिलीला टोक केलं.
एक तुकडा, हात उचल.
एक तुकडा, हात उचल.
खाणीपाशी थांबलो.
बाहेर अंगणात मागचा टायर
पुन्हा हळूच बसत होता.
करवंदीचा काटा असणार.