दाखवायचे दात

वीस वर्षं मी त्यांची तोंडं चिकटवली.
बारा फूट उंच, चोवीस फूट रुंद,
तीस कागदांचा एक वकील.
आधी कपाळ, मग डोळे, नाक,
हसू दोन कागदांत तुटून यायचं;
सांधा दोन दातांच्या बरोबर मधे बसवायचा,
नाहीतर सत्तरच्या वेगानं जाणाऱ्यालाही
फट दिसते.
लेक चार्ल्सपासून लाफायेतपर्यंत
दाखवायचे दात सगळे माझ्या हातचे.
खायचे कुठे असतात
ते विचारायची वेळ आली नव्हती.

मग एका मंगळवारी खडीच्या ट्रकनं
कडेला उभ्या माझ्या गाडीला
माझ्यासकट नाल्यात लोटलं.
बाहेर काढणारा पोरगा किंचाळला,
याचा मेंदू सांडलाय!
खळ होती ती, बाबा. तीन बादल्या.
उजवा खांदा मात्र खरंच गेला.

हॉस्पिटलातून आलो तोवर
अर्नेस्टीननं बुटांच्या खोक्यात पत्रं साठवलेली.
एकोणीस वकील. एकोणिसांनाही
माझं दुःख समजलेलं.
दोघांना माझं नाव नीट लिहिता आलं नव्हतं.
मेहुणा क्लोव्हिस म्हणाला,
ज्याचा बोर्ड सगळ्यात मोठा, तो घे.
म्हटलं, क्लोव्हिस, बोर्ड सगळे एकाच मापाचे असतात.

पहिला तो, ज्याची हनुवटी मी सात वेळा लावली.
तो भेटलाच नाही.
त्याच्या जागी एक कोवळा पोरगा, फॉर्म घेऊन.
कॉफी चांगली होती.
धोक्याचे दिवे तर चालूच असणार तुमच्या गाडीचे,
म्हणाला, लिहिता लिहिता.
मी मान हलवली.
मानेला पट्टा होता, तरी हलली.

दुसरा घरी आला, हॅम घेऊन.
आमच्या पाद्र्यापेक्षा लांब प्रार्थना केली,
आमेन म्हणता म्हणता पेन काढलं.
दिवे चालू होते, असंच लिहितो, म्हणाला.
विचार करून सांगतो, म्हटलं.
हॅम आम्ही खाल्लं.

तिसरी ओदील फॉन्तनो,
टायरच्या दुकानावर एका खोलीत.
तिचं तोंड मी कुठेच लावलेलं नव्हतं.
बसायच्या आधी विचारलंन्,
दिवे लावले होते का?
आणि गप्प राहिली.
खाली कुणीतरी चाकाचे नट सोडवत होतं.
पाच नट सुटेपर्यंत
ती काही बोलली नाही.

आठवत नाही, म्हटलं.
नेहमी लावतो.
त्या दिवशी घाई होती.
कागद भिजवून ठेवलेले, सुकायला लागले होते.

याची किंमत पडेल, ती म्हणाली.
तीस टक्के कापतील, कदाचित चाळीस.
उरेल त्यातला तिसरा हिस्सा माझा.
मग हॉस्पिटल. मग तुम्ही.
एका लिफाफ्याच्या पाठीवर तिनं आकडा लिहिला.
अर्नेस्टीननं चष्मा काढून पुसला,
परत लावला.
आकडा तेवढाच होता.

आणि खांदा?
तो मला मिळवून देता येत नाही, म्हणाली,
आणि पंख्याचं तोंड आमच्याकडे वळवलं.

का तीच, ते क्लोव्हिसला अजून समजावता येत नाही.
मलाही धड येत नाही.
डाव्या हातानं सही केली,
आयुष्यातली पहिली डावी;
पहिलीतल्या पोरानं घराचं चित्र काढावं तशी,
भिंती एकीकडे, छप्पर दुसरीकडे.
चालेल, ती म्हणाली. तुमचीच आहे ना?

परतताना नदीच्या पुलाअलीकडे
माझ्या शिडीवर नवा पोरगा, डेझमंड,
माझाच लांब दांड्याचा ब्रश.
कुठलासा नवा वकील,
कपाळ, डोळे, नाक लागलेलं,
तोंड अजून गुंडाळीत.
एका डोळ्याखाली हवेचा फुगा राहिलेला.
माझ्या हातून राहिला नसता.

मग खाली पाहिलं. गाडी कडेला.
दिवे बंद.

अर्नेस्टीन, हॉर्न वाजव.
तिनं वाजवला. पुन्हा वाजवला.
मी खिडकीतून डावा हात काढून
मुठी उघडून मिटून, उघडून मिटून
लुकलुकतं काहीतरी करून दाखवत राहिलो.

त्याला वाटलं, रामराम करतोय.
त्यानंही वरून ब्रश हलवला.