एका अक्षराचं काम

मी जॅकार्डचे पत्ते कापतो.
दाजी पेठेत, एकतीस वर्षं.
पुठ्ठ्याला भोक पाडलं की धागा वर येतो,
नाही पाडलं की खालीच राहतो.
यापलीकडे काही नाही; कला वगैरे लोक म्हणतात.

महादेवी कोटगोंडे आली जेवणाच्या सुट्टीत,
माग बंद होते, त्यामुळे तिचा आवाज
गरजेपेक्षा मोठा आला.
दोनशे टॉवेल. पांढऱ्यावर तांबडं.
वहीच्या कागदावर मजकूर:
यल्लप्पा कोटगोंडे
बोलताना मारले.
खाली तारीख.
फूल नको म्हणाली, दिवा नको, भावपूर्ण काही नको.

शेठनी कागद दोनदा वाचला.
चष्मा पुसला. आगाऊ रक्कम घेतली.
ती फाटकाबाहेर गेल्यावर मला म्हणाले,
एकच अक्षर, मामा. म चं व करा की.
उगी कुणाला वाईट वाटायला नको.
कुणाला, हे मी विचारलं नाही.
हा प्रश्न सध्या गावात कोणी विचारत नाही.

बोलताना वारले.
जसा काय भाषणात ठसका लागला.

त्या आठवड्यापासून गाड्यावर चहा पिताना
माणसं साखरेच्या भावावर बोलतात
आणि तेही आजूबाजूला बघून.
पोनी. होगली बिडु. जाने दो. जाऊ द्या.
चार भाषांचं गाव आमचं,
चारही भाषांत एकच वाक्य पाठ झालंय.

आता खरं सांगतो.
मला यल्लप्पा आवडायचा नाही.
कन्ना चौकातल्या त्या सभेला मी होतो.
आमच्या रथावर, रथाच्या वर्गणीवर
तो असं काही बोलला की कान तापले.
मी उठलो, अंधारात चपला शोधल्या,
आणि शोधता शोधता म्हणालो,
याला कुणीतरी गप्प करायला पाहिजे.

म्हणायची पद्धत असते.
आमच्यात पोरालाही म्हणतात, मारून टाकीन बघ,
आणि मग त्याच्या ताटात तूप वाढतात.
माझा राग घरी आला,
हातपाय धुऊन जेवायला बसला.
आणखी कुणाचा तरी राग
तिथेच थांबला होता, गाडी चालू ठेवून.
माझं वाक्य त्याने ऐकलं होतं का,
हे मला कळणार नाही.
शेजारी कोण बसलं होतं तेही आठवत नाही.
आठवायचा प्रयत्न करतो. मग सोडून देतो.

रात्री पंच घेऊन बसलो.
व ला काय लागतं? एक पोट, एक दांडा.
म ला आणखी एक दांडा, खाली गाठ.
दोघांमधला फरक किती, तर मोजून
चौदा भोकं.
चौदा ठोके मारायचे की नाही, एवढंच.
शेजारच्या शेडमध्ये रात्रपाळी चालू होती,
त्या खडखडाटात चौदा ठोके
देवालाही ऐकू गेले नसते.

मी व कापला.

टॉवेल न्यायला ती स्वतः आली.
वरचा उलगडला. अक्षरावरून अंगठा फिरवला,
लुगड्याचं सूत बघतात तसा.
मला वाटलं ओरडेल. तयारी ठेवली होती,
शेठकडे बोट दाखवायची.
तिने उरलेले पैसे मोजून दिले,
सुट्टे दहा परत मागितले,
आणि एक टॉवेल माझ्या हातात ठेवून म्हणाली,
तुम्ही सभेला होतात ना.

तो टॉवेल मी वापरलेला नाही.
बायको विचारते, चांगला आहे की, का ठेवलाय.

आणखी एक, शेठला माहीत नसलेलं.
दुसऱ्या रात्री मी म चे पत्ते कापले.
सगळे. गाठीसकट.
सुतळीत ओवून घरी आतल्या खोलीत
खिळ्याला टांगलेत.
बल्ब लावला की भोकांतून उजेड
भिंतीवर पडतो, वाचता येत नाही.

याला धाडस म्हणू नका.
खिळा घरातला आहे,
आणि दार मी लावून घेतो.