सध्या तरी

गाडी आता दाराशीच लावता येते.
तीनशे जागा, बावीस गाड्या
आणि ओस्मोची सायकल, बर्फातसुद्धा.
हा पहिला फायदा.
कालपर्यंत मी तो मोजला नव्हता.

काल नदीपलीकडच्या डेटा सेंटरचं पत्र आलं.
पगार दीडपट. रात्रपाळी तशीच.
उत्तर शुक्रवारपर्यंत.
स्वयंपाकघरात बसून मी एक कागद मधोमध दुमडला,
आमच्याच गिरणीचा, वर्तमानपत्राचा,
शाई जरा फुटते त्याच्यावर,
आणि डावीकडे लिहिलं : पार्किंग.

उजवीकडे : पाच वर्षं पगारवाढ नाही.
कॅन्टीन बंद. एकच मायक्रोवेव्ह,
त्याचं दार वेइक्कोने चिकटपट्टीने बांधलंय.
दर तिमाहीला हेलसिंकीहून कोणीतरी येतं
चांगले बूट घालून,
आणि 'सध्या तरी' एवढे दोन शब्द
टेबलावर ठेवून जातं.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, कबूल.
पण हातचंच पळायला लागलं तर?

डावीकडे : ओरडायला कुणी उरलेलं नाही.
गुरुवारी सौना अजून कंपनीच्याच लाकडांवर तापवतात.
माणसं कमी होत गेली तशी कामं वाटून घेतली आम्ही,
लगद्यापासून रिळापर्यंत आता सगळं येतं मला.
इथे पेन अडलं.
हेच उजवीकडेही लिहायला हवं :
सगळं येतं,
जे आता कुणाला नकोय.

मुलगी ताम्पेरेहून म्हणते, आई, निघ.
ती बातम्या फोनवर वाचते.
तिला काय बोलू? मीही फोनवरच वाचते.

राइली मागच्या वसंतात तिकडे गेली.
दुकानात भेटली. म्हणाली, छान आहे सगळं,
काही मोडतच नाही.
मग बराच वेळ
चीजच्या किमती वाचत उभी राहिली.

आमच्याकडे मोडतं.
रात्री दोनला कागद फाटतो, भोंगा होतो,
सातही जण धावत सुटतो,
ओस्मो त्याच्या दुखऱ्या गुडघ्यासकट,
आणि अकरा मिनिटांत ती पांढरी चादर
पुन्हा रुळांवरून ओढून घेतो.
कुणी कुणाला शाबासकी देत नाही.
वेइक्को फक्त डबीतून एक ज्येष्ठमधाची गोळी पुढे करतो,
खारट, काळी.
हे कुठल्या बाजूला लिहू?
एक्कावन्न वर्षांच्या बाईने
गोळीसाठी दीडपट पगार सोडला,
असं बँकेत सांगता येत नाही.

आज गाडी मुद्दाम लांब लावली,
माझ्या जुन्या जागेवर, दोनशे सतरा.
आकडा बर्फाखाली होता, बुटाने खरवडून पाहिला.
तिथून दारापर्यंत चार मिनिटं चालावं लागतं.
अर्ध्या वाटेवर
तळव्यांखाली जमीन थरथरायला लागली.
तीन नंबर चालू होतं.

घड्याळ पाहिलं. सात मिनिटं उशीर.
बोलणारं कुणी नाही,
हे डावीकडे लिहिलेलंच आहे.