पाऊस येण्याआधी

तुरियाल्बाच्या उतारावर
नीदिया मक्याचं पीठ मळत होती,
तेव्हा पत्रा फोडून तो चुलीशेजारी पडला.
तिनं तो केळीच्या पानात उचलला,
हातानं नाही. कसं सुचलं, कोण जाणे.
ओल्या मातीचा वास आला
आणि पाऊस तर अजून पडायचा होता.

चार महिन्यांनी एव्हेलियो फोटो घेऊन येतो.
हे गोल कण बघा, एकेकाळी आगीचे थेंब.
कडा कुरतडून त्यांची चिकणमाती झालीय.
आणि ही पांढरी शीर
थेंबातून निघून शेजारच्या काळ्या भुकटीत गेलेली.
म्हणजे आधी सगळं एकत्र आलं,
दगड झाला,
मग त्याच्या पोटात बर्फ वितळला.
सुटी धूळ असताना नाही.
या एका कणाचं मात्र सांगता येत नाही,
हा कदाचित भिजूनच आला.

मग वही उघडून, अगदी कामापुरतं:
"दोन्या नीदिया, याला पाणी लागलं होतं?"

भोकाखाली बादली. टप.
"कुठलं?" ती विचारते. "माझ्याकडचं,
की त्याच्याकडचं?"

तो 'नाही' लिहितो.
खोडतो.